मराठी पोस्टरची अक्षरं स्वतः बसवा: इंकस्केपमध्ये मजकूर टाकण्यापासून इंदूरच्या फ्लेक्सवाल्यापर्यंत

इंदुरात मराठी मजकूर छापायला दिला की तो हिंदीच्या सवयीने बसवला जातो. लिपी एकच असल्यामुळे दुकानात कोणाला काही वावगं दिसत नाही. 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो, 'वेळ'चा 'वेल' होतो, ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि रामबागेतल्या काकू कार्यक्रमाच्या दाराशीच बोर्ड वाचून चुका काढतात. दुकानातल्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा दिवसभराचा धंदा हिंदीत चालतो, संगणकावर कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि कृतिदेव हा जुन्या पद्धतीचा फॉन्ट असतो, आणि मागे गिऱ्हाइकांची रांग असते. त्यापेक्षा मजकूर आपण घरी बसवावा आणि त्याच्या हातात अशी फाइल द्यावी की त्याला एकही अक्षर टाइप करावं लागू नये.

त्यासाठी इंकस्केप हे डिझाइनचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरक्रमांकांच्या पद्धतीतली, देवनागरी नीट जुळवतं. खालची कृती त्यातली आहे. कोरल किंवा फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. उदाहरणाला कोजागरीचं ए-थ्री पोस्टर घेऊ. त्यावरचा मजकूर असा:

कोजागरी
गीतमैफल आणि मसाला दूध
रात्री ८ वाजता
दुसऱ्या मजल्यावरचं सभागृह
कृपया वेळेवर या

आधी मजकूर, मग पान

मजकूर साध्या नोटपॅडमध्ये पूर्ण लिहून घ्या. फोनवर लिहीत असाल तर कळफलक मराठीच निवडा. हिंदी कळफलकावर ळ आणि ऱ शोधत बसावं लागतं, आणि माणूस कंटाळून जे समोर असेल ते दाबतो. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक वापरत असाल तर इंग्रजी J ची कळ दाबल्यावर र येतो आणि शिफ्ट धरून तीच दाबल्यावर ऱ. त्यापुढे हलन्त आणि य दिला की 'दुसऱ्या'तला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र उमटतो. नुसता र, हलन्त आणि य दिला तर रफारच येणार, आणि तो सूर्याला शोभतो, कैऱ्यांना नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर थेट पोस्टरवर चिकटवू नका. त्यात दुहेरी जागा, इमोजी आणि न दिसणारी चिन्हं येतात. तो आधी नोटपॅडमध्ये उतरवा, समितीतल्या दोघांना वाचायला द्या आणि 'आता यात बदल नाही' असं कबूल करून घ्या. हा शब्द कोणी पाळत नाही, तरी घ्यावा.

आता इंकस्केप उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबल्यावर पानाच्या मापांची खिडकी येते. रुंदी २९७ आणि उंची ४२० मिलिमीटर ठेवा. पार्श्वभूमीचा रंग कडेपर्यंत जाणार असेल तर तो पानाबाहेर चारी बाजूंना ३ मिलिमीटर वाढवा, म्हणजे कापताना पांढरी कड दिसणार नाही. पट्टीवरून माउसने निळ्या मार्गरेषा ओढून कडेपासून १० मिलिमीटर आत लावा. मजकूर या रेषांच्या आतच राहील.

क्लिक करायचं की ओढायचं

टी दाबा, मजकुराचं साधन हातात येईल. पानावर नुसतं क्लिक करून लिहिलं तर ओळ तुम्ही एंटर दाबेपर्यंत पुढेच जाते. माउस दाबून चौकट ओढली तर मजकूर त्या चौकटीत आपोआप खाली उतरतो. शीर्षक, तारीख आणि स्थळ यांसाठी पहिली पद्धत वापरा, लांब परिच्छेदासाठी दुसरी. कोरलमध्येही हेच दोन प्रकार आहेत, तिथे त्यांना आर्टिस्टिक टेक्स्ट आणि पॅराग्राफ टेक्स्ट म्हणतात. साधन एफ-आठवर असतं आणि एका प्रकारातून दुसऱ्यात जायला कंट्रोल आणि एफ-आठ.

पोस्टरची प्रत्येक ओळ स्वतंत्र क्लिक करून, म्हणजे वेगळी वस्तू म्हणून टाका. पाचही ओळी एकाच चौकटीत कोंबण्याचा मोह होतो, पण मग त्यांच्यातली अंतरं डोळ्याने जुळवता येत नाहीत. देवनागरीत ती डोळ्यानेच जुळवावी लागतात.

फोटोशॉपवाल्यांना इथे आणखी एक पायरी लागते. मात्रा आणि वेलांट्या विस्कटलेल्या दिसत असतील, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जात असेल, तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. जुन्या आवृत्त्यांत त्या पर्यायाच्या नावात 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' आहे. त्यानंतर नवा मजकूर नवीन थरावर (लेयरवर) टाका.

फॉन्टची परीक्षा

फॉन्टच्या यादीतला नमुना पाहून फॉन्ट निवडू नका, तो नमुना मराठीचा नसतो. त्याऐवजी ही ओळ टाकून पाहा:

लाल शाल, कैऱ्या, वेळ, श्री, ज्ञान, चिठ्ठी, शुद्ध, ब्राह्मण, ॲप, ५ ८ ९

पहिल्या दोन शब्दांतच निकाल लागतो. मराठीचा ल पाकळ्यांचा असतो, हिंदीचा ल उजवीकडे उभा दंड घेऊन येतो. श चंही तसंच, मराठीत देठाचा आणि हिंदीत शेंडी फुटलेला. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं प्रमाण ठरवली. तो निर्णय मध्य प्रदेशात कोणाला बांधील नाही, पण आपल्या डोळ्याला वळण तेच आहे. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही रूपांना एकच क्रमांक आहे, त्यामुळे कुठलं दिसणार हे फॉन्ट ठरवतो. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसला तर फॉन्ट बदला.

लांब मजकुरासाठी माझी पहिली पसंती टिरो देवनागरी मराठी. या कुटुंबात हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळे फॉन्ट आहेत, त्यामुळे डाउनलोड करताना शेवटी 'मराठी' लिहिलेलाच घ्या. त्यात जाड वजन, म्हणजे ठळक अक्षरांचं वेगळं रूप, नाही. इंकस्केपमध्ये ठळक निवडलंत तर संगणक स्वतःच अक्षर फुगवून दाखवेल आणि आतल्या गाठी भरून येतील, म्हणून त्या फॉन्टला जाड करू नका. शीर्षकाला 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे बालू २ किंवा मुक्ता घ्या, दोन्हींत ८०० पर्यंत खरी जाड वजनं आहेत. मोदक नावाचा आणखी एक फॉन्ट आहे, त्याच्या नावासारखाच गुबगुबीत. 'कोजागरी'सारख्या एका शब्दाला तो छान दिसतो, संपूर्ण वाक्याला अजिबात नाही. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. नवा फॉन्ट टाकल्यावर इंकस्केप बंद करून पुन्हा उघडा.

एखादा फॉन्ट मनापासून आवडला पण ल आणि श हिंदी वळणाचे येतात, तर एक आडवाट आहे. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं साठवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं की मराठी रूप पुढे येतं. लिबरऑफिस ड्रॉमध्ये तो मजकूर टाका, निवडून त्याची भाषा मराठी करा, ल बदलल्याचं डोळ्यांनी पाहा आणि पीडीएफ काढा. ती पीडीएफ इंकस्केपमध्ये आणताना कैरोचा पर्याय निवडलात तर अक्षरं आकार होऊनच येतात आणि वळण पक्कं राहतं. इनडिझाइन वापरणाऱ्यांनी वर्ल्ड-रेडी कंपोझर लावून कॅरॅक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी केली की तेच काम होतं.

पोस्टरवर खाली हिंदीत एक ओळ हवीच असते, कारण शेजारपाजारही येणार. तिच्यासाठी दुसरा फॉन्ट आणू नका. मराठी वळणाचा ल हिंदी वाचणाऱ्याला अडत नाही. एका पानावर दोन वळणांचे ल मात्र नजरेला टोचतात.

आकार, आणि ओळींमधली जागा

देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे महत्त्व दाखवायला आकार, जाडी आणि रंग एवढंच हाताशी आहे. तिरकं करणं सोडून द्या. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये खरं तिरकं रूप नसतं, संगणक सरळ अक्षरालाच ढकलून वाकवतो.

तीनच आकार ठेवा. पाटी रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे की दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. वीस फुटांवरून 'कोजागरी' वाचायला हवं असेल तर शिरोरेषेपासून पायापर्यंत दोन इंच धरा. पॉइंटांवर विसंबू नका. ७२ पॉइंट म्हणजे कागदावर एक इंच खरं, पण त्या इंचात वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांची जागाही धरलेली असते, प्रत्यक्ष अक्षर बरंच लहान निघतं. त्यामुळे शिरोरेषा आणि पाय अशा दोन मार्गरेषा दोन इंचांवर लावा आणि त्यात अक्षर भरेपर्यंत आकार वाढवत न्या. कोपरा धरून ताणणार असाल तर कंट्रोल दाबूनच ताणा. नुसतं आडवं ताणलं की उभे दंड जाड होतात, शिरोरेषा तेवढीच बारीक राहते आणि फॉन्ट करणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाते.

ओळींमधलं अंतर इंकस्केपमध्ये मुळात १.२५ असतं. रोमन लिपीला ते पुरतं. मराठीत वरच्या ओळीचा 'दू' आणि खालच्या ओळीची 'त्री' एकमेकांत अडकतात, म्हणून परिच्छेदाला १.४ ते १.६ द्या. आकडा वरच्या पट्टीत टाकता येतो.

शीर्षकाला मात्र आकडा लावू नका. 'कोजागरी'च्या खाली काहीच लोंबत नाही, म्हणून पुढची ओळ जवळ घेता येते. 'मसाला दूध'खाली ऊकार आहे, तिथे जास्त जागा सोडा. ओळी वेगळ्या ठेवल्याचा फायदा इथे मिळतो, बाणाच्या कळीने हवी ती ओळ वर-खाली सरकवता येते.

परिच्छेद दोन्ही कडांना सारखा करण्याचा हट्टही नको. मराठी शब्द लांब असतात, सामान्य सॉफ्टवेअर ते नीट तोडत नाही, आणि मग ओळीच्या मधोमध खिंडारं पडतात. डावीकडून सुरू करा आणि उजवी कड मोकळी सोडा.

शिरोरेषा सांभाळा

अक्षरांमधलं अंतर वाढवायची पट्टी सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते, कॅन्व्हातही आहे. रोमन लिपीत त्याने शीर्षक ऐटबाज दिसतं. मराठीत शिरोरेषेचे तुकडे होतात. ते शून्यावरच ठेवा. शब्द ऐसपैस हवेत तर शब्दांमधलं अंतर वाढवा, त्याची वेगळी पट्टी शेजारीच असते. कर्सर ठेवून ऑल्ट आणि बाण दाबला की अक्षर सरकतं, तेही फक्त आकडे, विरामचिन्हं आणि मोकळ्या जागेपाशीच वापरा.

ओळीत दोन आकार आले की गंमत होते. समजा 'रात्री ८ वाजता'मधला ८ मोठा हवा आहे. तो जागेवरच मोठा केला तर सॉफ्टवेअर सगळ्यांचे पाय एका रेषेत आणतं आणि ८ वर उंच निघून जातो. मोठा केलेला जर शब्द असेल तर दोन शिरोरेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. आपली अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली असतात, म्हणून जुळणी वरून करा. तिन्ही तुकडे वेगळे टाका, शिरोरेषेवर एक मार्गरेषा ओढा आणि तुकडे तिला चिकटवा. अलाइनची खिडकी इथे फसवते, कारण ती वेलांटीचं टोक म्हणजेच वरची कड समजते.

हाताने पाट्या रंगवणारे आधी रेघच मारत. इंदूरला अशा हातांची कमतरता नव्हती. डी. डी. देवळालीकरांनी १९२७ मध्ये इथे कलाशाळा सुरू केली, चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकले, मकबूल फिदा हुसेनही, आणि हुसेन पुढे मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. आज तुमच्या हाती मार्गरेषा फुकट आहेत, त्यांची कंजुषी करू नका.

किनार आणि सावली

गडद पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांना लाल किनार, हे आपल्याकडच्या फ्लेक्सचं आवडतं रूप. आणि मराठी अक्षरं सगळ्यात जास्त बिघडतात तीही इथेच. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजाऱ्यावर थोडी चढलेली असते, तेव्हाच ती सलग दिसते. किनार दिली की ती प्रत्येक अक्षराला स्वतंत्र बसते आणि जोडाजोडांवर उभ्या लाल रेघा उमटतात.

उपाय असा. आधी शीर्षक निवडून कंट्रोल आणि डी ने प्रत काढा. मूळ मजकूर वेगळ्या थरावर ठेवून तो थर लपवा, कारण पुढच्या पायरीनंतर मजकूर बदलता येत नाही. प्रत निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबा, अक्षरांचे आकार होतील. कंट्रोल, शिफ्ट आणि जी ने गट सोडवा. सगळे तुकडे निवडलेले असतानाच पाथच्या यादीतलं युनियन करा, कळ आहे कंट्रोल आणि अधिक. आता पूर्ण शब्दाची बाह्यरेषा एकसंध झाली.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एफ ने रंगाची खिडकी उघडा आणि किनारीला रंग आणि जाडी द्या. तिथेच दोन गोष्टी बदला. कोपऱ्याचा जोड गोल करा, नाहीतर रफार आणि वेलांटीच्या टोकांना काटे फुटतात. आणि क्रमात किनार भरावाच्या, म्हणजे अक्षराच्या आतल्या रंगाच्या, मागे घ्या. मुळात किनार अर्धी आत आणि अर्धी बाहेर पडते, आतली अर्धी अक्षर खाते आणि ज्ञ, क्ष यांच्या गाठी बुजतात. कोरलमध्ये हाच पर्याय एफ-बारा दाबल्यावर येणाऱ्या खिडकीत बिहाइंड फिल नावाने आहे.

सावली हवी तर त्याच एकसंध आकाराची आणखी एक प्रत काढून गडद रंग द्या, दोन-तीन मिलिमीटर खाली-उजवीकडे सरकवा आणि मागे पाठवा. धूसर सावलीपेक्षा अशी ठाम सावली फ्लेक्सवर स्वच्छ उतरते. किनार, सावली, चमक आणि रंगछटा असं सगळं एकाच शब्दावर लादू नका, दोन पुरे.

कमानीत मजकूर

अर्धवर्तुळात नाव लिहायची हौस मंडळांना फार. टेक्स्टच्या यादीत पुट ऑन पाथ आहे: मजकूर आणि वक्ररेषा दोन्ही निवडा आणि ते दाबा. कमान लहान असेल तर मात्र प्रत्येक अक्षर आपापल्या जागी ताठ उभं राहतं आणि शिरोरेषा तुटक होते. कमान खूप पसरट ठेवा. तेवढी जागा नसेल तर वरच्यासारखाच शब्दाचा एकसंध आकार करा आणि पाथ इफेक्ट्समधला बेंड लावा. त्यात शिरोरेषा स्वतः वाकते, सलग राहते. शब्द लहान असेल तर हेच अधिक सुंदर दिसतं.

दुकानात काय न्यायचं

काम एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपची मूळ फाइल, म्हणून स्वतःकडे ठेवा. दुकानासाठी सेव्ह ॲजमध्ये पीडीएफ निवडा. पुढच्या खिडकीत मजकुराचं काय करायचं ते विचारलं जातं, तिथे मजकुराचे पाथ, म्हणजे आकार, करा असं निवडा. मग फॉन्ट त्यांच्याकडे असो वा नसो, कोरलमध्ये तेच दिसेल जे तुम्ही बसवलं. कृतिदेव हा युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा फॉन्ट आहे. तुमचा युनिकोड मजकूर त्यात बसत नाही आणि त्यांचा मजकूर फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून 'फॉन्ट की फाइल भी दे दो, हम सेट कर लेंगे' असं म्हणाले तरी पीडीएफच द्या.

सोबत पोस्टरचं एक जेपीजी चित्र न्या. पीडीएफ कोरलमध्ये उघडली की दोन्ही शेजारी ठेवून तुमच्यादेखत पडताळून घ्या, विशेषतः ऱ्य, ळ आणि ल. रंगाचंही तिथेच बोला. इंकस्केप आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात, काम करतं, छपाई सीएमवायकेत, म्हणजे चार शाईंत, होते, त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि निळा कागदावर मंद होतो. बारीक काळा मजकूर चार शाईंचा बनू नये म्हणून तो शंभर टक्के फक्त काळा करायला सांगा, नाहीतर अक्षरांच्या कडांना रंगाची झाक दिसते.

शेवटच्या क्षणी वेळ बदलली तर दुकानात टाइप करू देऊ नका. लॅपटॉप सोबत असेल तर लपवलेला मूळ थर उघडून दुरुस्ती करा आणि नवी पीडीएफ द्या. नसेल तर लागतील ते आकडे आधीच आकार करून वेगळ्या फाइलीत ठेवलेले बरे: ० ते ९ आणि 'वाजता'. त्या फाइलीची पीडीएफही सोबत न्या, कोरलमध्ये त्यातून उचलून बसवता येतं.

तेच डिझाइन मोठ्या फ्लेक्सवर जाणार असेल तर कडांना लोखंडी रिंगा ठोकणार की लाकडी चौकटीवर गुंडाळून खिळे मारणार ते आधी विचारा. रिंगांसाठी चारी बाजूंना दोन इंच मोकळे सोडा, चौकटीसाठी चार. आयोजकांचं नाव नेमकं तळाच्या कडेला असतं आणि खिळे तिथेच बसतात.